बुडत्या बोटीतून वाचलेलं मूल

१८ जानेवारी २०२४ रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीच्या मुलांची बोट उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. अशा प्रसंगातून वाचलेलं मूल घरी आलं, जेवलं, झोपलं की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. ती घाई नको.

पहिले काही आठवडे दचकणं, भीतीची स्वप्नं, रडणं स्वाभाविक आहे. महिना उलटूनही हे सुरूच असेल, शाळा-खेळ-झोप विस्कटली असेल, तर तो आघातोत्तर तणाव असू शकतो. लहान मुलं तो शब्दांत सांगत नाहीत. बादलीतली होडी पुन्हापुन्हा बुडवत राहतात, डोक्यावर पाणी ओतलं की किंचाळतात, सुटलेली सवय परतून अंथरूण ओलं करतात. मोठी मुलं चिडतात, अभ्यासात मागे पडतात, ‘मीच का वाचलो?’ हा प्रश्न मनात दाबून ठेवतात. याला हट्ट किंवा आळस म्हणणं हा मुलावर अन्याय आहे.

‘विसरून जा’ म्हणू नका. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर हकिकत वदवून घेऊ नका, दुर्घटनेचे व्हिडिओ दाखवू नका. मूल आपणहून बोललं, तर मात्र हातातलं काम बाजूला ठेवून ऐका.

आघातकेंद्री बोधात्मक-वर्तन उपचाराचा मुलांना चांगला उपयोग होतो. त्यात पालकांनाही सामील करून घेतात. वडोदऱ्यात सयाजी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आणि कारेलीबागेतलं सरकारी मनोरुग्णालय आहे. टेली-मानसची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास सुरू असते.