रडार-शोधक यंत्राची उपयुक्तता व तिच्या मर्यादा

तेलटंचाईच्या पार्श्वभूमीवर १९७४ साली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत महामार्गांवरील वेगास ताशी ५५ मैलांची (सुमारे ८८ किलोमीटरांची) राष्ट्रीय मर्यादा घालण्यात आली. रुंद, मोकळ्या रस्त्यांवर ती चालकांना जाचक वाटली, आणि पोलिसांच्या रडारची आगाऊ वर्दी देणाऱ्या शोधक यंत्रांना त्याच दशकात मोठी बाजारपेठ लाभली. १९९५ साली ती मर्यादा रद्द झाली, यंत्रे राहिली. त्यांच्यायोगे दंड खरोखरच टळतो काय, ह्याचे उत्तर विक्रेत्यांच्या जाहिरातींपेक्षा तरंगांच्या गुणधर्मांतच अधिक सापडते.

पोलिसांचे रडार डॉप्लर परिणामावर चालते. धावत्या वाहनावरून परतणाऱ्या तरंगाची वारंवारता वेगाच्या प्रमाणात बदलते. २४.१५ गिगाहर्ट्झचा तरंग ताशी १०० किलोमीटर वेगाने समोरून येणाऱ्या मोटारीवर आपटून परतला, तर त्याच्या वारंवारतेत सुमारे ४,४७० हर्ट्झची वाढ होते. आता ह्या तरंगाला वाहनापर्यंत जाऊन परत यावयाचे असते. शोधकाला तो एकेरी प्रवासातच भेटतो. अंतर दुप्पट झाले असता शोधकाकडे पोहोचणारी शक्ती एकचतुर्थांश होते, तर रडारकडे परतणारा प्रतिध्वनी एकषोडशांश उरतो. म्हणून सतत चालू असलेल्या रडारची चाहूल, रडारला वाहनाचा वेग कळण्याच्या कितीतरी आधी चालकास लागते. शोधकाचे सारे सामर्थ्य ह्या एका विषमतेत आहे.

परंतु ही विषमता रडार सतत चालू असेल तोवरच उपयोगी. अधिकाऱ्याने यंत्र मूक ठेवून, वाहन टप्प्यात आल्यावरच कळ दाबली, तर वेगाची नोंद क्षणार्धात होते आणि शोधकाचा इशारा व गुन्ह्याचा पुरावा एकाच वेळी हाती येतात. अशा प्रसंगी पुढे धावणाऱ्या दुसऱ्या कोणा मोटारीवर रडार रोखले गेले, तरच मागच्याचा बचाव. मोकळ्या रस्त्यावरील एकट्या चालकास तोही आधार नाही. लेसर यंत्रापुढे स्थिती आणखीच बिकट होते. त्याच्या अवरक्त किरणांचा झोत ३०० मीटरांवर जेमतेम मीटरभर रुंद असतो. शेजारच्या वाहनांस त्याचा सहसा पत्ता लागत नाही, आणि ज्यास लागतो त्याचा वेग बहुधा मोजला गेलेला असतो.

खोट्या इशाऱ्यांचा उपद्रव निराळाच. दुकानांची स्वयंचलित दारे आणि अलीकडील अनेक मोटारींतील बाजूची वाहने टिपणारी साधने २४ गिगाहर्ट्झच्या आसपासच तरंग सोडतात. वारंवार फसलेला चालक खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करू लागतो. गंमत अशी की, काही राज्यांत रस्तादुरुस्तीच्या ठिकाणी पोलिसांवाचून नुसतेच रडारतरंग सोडणारी साधने बसविण्यात आली. तेथे शोधक बाळगणारा चालक इशारा ऐकून आपण होऊन वेग कमी करतो. म्हणजे चुकवेगिरीचे साधन नियमपालनाच्या कामी येते.

व्हर्जिनिया राज्यात व राजधानी वॉशिंग्टनमध्ये ह्या यंत्रांस बंदी आहे. व्यापारी मालमोटारींना ती १९९४ पासून देशभर लागू झाली. तेथे पोलिसांच्या मदतीस शोधकाचीच रचना धावून येते. सुपरहेटेरोडाइन पद्धतीच्या ग्राहकयंत्रात एक स्थानिक आंदोलक असतो, आणि त्याचा क्षीण तरंग बाहेर झिरपतो. तो टिपणारे यंत्र पोलिसांपाशी असले, म्हणजे लपून ऐकणाऱ्याचाच ठावठिकाणा लागतो.