लाज नको, तपासणी हवी

घरात कोणाचेही दुखणे अम्मीला लगेच कळते; पण स्वतःचे दुखणे ती सांगत नाही. स्तनांच्या कर्करोगात असे गप्प राहणे घातक ठरते.

साधारणपणे ४५ ते ५५ या वयात स्त्रियांची मासिक पाळी कायमची थांबते. हा आजार नव्हे. मात्र वयाबरोबर या कर्करोगाचा धोका वाढत जातो. पाळी थांबल्यावरही शरीरातील चरबीत इस्ट्रोजेन नावाचे संप्रेरक तयार होत असते. म्हणून वजन फार वाढले, तर धोकाही वाढतो. रोज भरभर चालावे. तळलेले व गोड पदार्थ बेताने खावेत. संप्रेरकांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

सुरुवातीला गाठ बहुधा दुखत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. गाठ लागली, त्वचेवर खळी पडली किंवा स्तनाग्रातून रक्त आले, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. पण ते तपासणीनेच कळते.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली एक अभ्यास सुरू केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी वस्त्यांतील सुमारे ७५ हजार स्त्रियांची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली. त्याचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या स्त्रियांच्या तुलनेत या स्त्रियांचा रोग लवकर सापडला. पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये तर या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाले.

मुलांनो, आज घरी गेल्यावर हा धडा अम्मीला, खालाला आणि नानीला आपल्या भाषेत समजावून सांगा.