आकाशातून तोललेली जमीन

पाणी आपली पातळी आपणच शोधते, असे आपण म्हणतो. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन भिंतींची पातळी जुळवतो, तो याच न्यायाने. सांगलीकरांना मात्र हा न्याय फार कठोरपणे शिकावा लागला. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी आहे ४५ फूट. त्या दिवसांत पाणी कोणाच्या उंबऱ्याशी थांबले आणि कोणाच्या घरात शिरले, हे अनेक ठिकाणी वीतभर-हातभर उंचीच्या फरकाने ठरले. पूररेषा, फुगवटा, धरणाची पातळी हे शब्द तेव्हापासून घरोघरी पोचले. या साऱ्या चर्चेत एक साधा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. उंची मोजायची, ती कशापासून?

समुद्रसपाटीपासून, असे उत्तर कोणीही देईल. पण सांगलीपासून समुद्र सव्वाशे किलोमीटरहून दूर आणि मध्ये सह्याद्री आडवा. समजा, जमिनीखालून बोगदे खणून समुद्राचे पाणी आत आणले. भरती-ओहोटी नाही, वारा नाही. सांगलीच्या खाली ते पाणी ज्या पातळीला स्थिर होईल, ती सांगलीची समुद्रसपाटी. पृथ्वीभर पसरलेल्या या कल्पित पृष्ठभागाला भूगणितात ‘जिऑइड’ म्हणतात.

हा पृष्ठभाग गुळगुळीत नाही. जेथे खाली जड खडक असतो, तेथे गुरुत्वाकर्षण पाण्याला ओढून घेते आणि फुगवटा येतो. जेथे वस्तुमान कमी, तेथे खळगा पडतो. जगातला सर्वांत खोल खळगा आपल्याच दक्षिणेला, हिंदी महासागरात आहे. तो सुमारे १०६ मीटरचा! त्यावरून जाणाऱ्या जहाजाला उतार जाणवत नाही, कारण उतार कशाला म्हणायचे हे ठरवणारे गुरुत्वाकर्षणच तेथे तसे आहे. सातारा-सांगलीसह सारा दख्खन या खळग्याच्या कडेवर वसलेला आहे.

दोन उंच्या

पूर्वी उंची मोजायची म्हणजे किनाऱ्यापासून पायी चालत यावे लागे. सर्वेक्षण खाते तिपाईवर दुर्बीण लावून, पुढे-मागे पट्ट्या उभ्या करून, टप्प्याटप्प्याने देशभर उंची वाहून नेत असे आणि जागोजागी दगडावर तलचिन्हे कोरत असे. मुंबई, कारवार अशा नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या नोंदींवर ठरलेले १९०९ सालचे शून्य या मोजणीचा पाया होते. काम खात्रीचे, पण अतिशय संथ. शिवाय रस्तारुंदीत तलचिन्हाचा दगडच नाहीसा झाला, तर सारी मेहनत पाण्यात.

आता उपग्रहांकडून क्षणात उंची मिळते. पण उपग्रहाला समुद्रसपाटी ठाऊक नसते. तो उंची सांगतो ती ध्रुवांपाशी किंचित चपट्या अशा एका गणिती गोलापासून. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच. उपग्रहाच्या हिशेबाने मात्र सत्तरएक मीटरने कमी. हा सत्तर मीटरांचा फरक म्हणजेच त्या जागचा जिऑइड. तो सगळीकडे सारखा असता, तर एकदाच वजाबाकी करून मोकळे झालो असतो. पण तो गावोगाव बदलतो, आणि जेथे गुरुत्वाकर्षणाच्या नोंदी विरळ, तेथे त्याचा आकडा अंदाजाचा ठरतो.

एकाच गल्लीतील दोन घरांची तुलना करताना हा अंदाज फारसा बाधत नाही. अंतर वाढले, की तो महाग पडतो. शंभर मीटरला दहा सेंटिमीटर उतार असलेल्या नदीकाठच्या शेतात उंचीतली ३० सेंटिमीटरची चूक पूररेषेला तीनशे मीटर सरकवते. म्हणजे एखादी वस्ती रेषेच्या आत किंवा बाहेर! अलमट्टीचेच उदाहरण घ्या. या धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर. २०१० साली कृष्णा पाणीतंटा लवादाने ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मान्यता दिली, आणि त्यावरून महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यात वाद आहे. फुगवटा सांगलीपर्यंत येतो की नाही, हा जलशास्त्राचा प्रश्न. त्याचे उत्तर येथे द्यायचे नाही. पण सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर दूर असलेल्या दोन ठिकाणांच्या पातळ्यांची तुलना करायची, तर दोन्हीकडचे शून्य एकच असले पाहिजे, हे तरी दोन्ही पक्षांना मान्य व्हावे.

उडता तराजू

म्हणजे जिऑइड नेमका हवा, आणि त्यासाठी गुरुत्वाकर्षण जागोजाग मोजायला हवे. जमिनीवरून मोजणारा माणूस रस्त्याच्या कडेने जातो. कोयनेच्या अभयारण्यात, चांदोलीच्या जंगलात आणि घाटाच्या कड्यांवर त्याला कितीसे पोचता येणार? ‘ग्रेस’ आणि ‘गोचे’ या उपग्रहांनी साऱ्या पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण मोजले खरे, पण त्यांची नजर ठळक. शंभरएक किलोमीटरपेक्षा लहान चढउतार त्यांना नीट दिसत नाहीत. उपग्रह आणि पायवाट यांच्यामधली ही जागा विमान भरून काढते.

काम मात्र विलक्षण नाजूक. पृथ्वीच्या ओढीचा दहा लाखांवा भाग, म्हणजे सुमारे एक मिलिगॅल, ओळखायचा असतो. विमान तीन मीटर वर गेले, तरी तेवढा फरक पडतो. ताशी २५० किलोमीटर वेगाने ते आपल्या भागावरून पूर्वेकडे निघाले, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे त्यातील यंत्राला ओढ सुमारे हजार मिलिगॅलने कमी भासते. पश्चिमेकडे वळले, की वाढते. हवेतले हिसके तर याहूनही मोठे. चालत्या एस.टी.त बसून सोने तोलण्यासारखा हा प्रकार! १९५८ साली अमेरिकेत पहिले प्रयोग झाले, पण विमानाची स्वतःची हालचाल उपग्रहांच्या साह्याने क्षणाक्षणाला कळू लागली, तेव्हाच ही विद्या खरी उपयोगाची झाली. हालचालीचा हिशेब वजा केला, की उरते ती जमिनीची ओढ.

दुसरी एक युक्ती आहे. एकाच गाडीत दोन तराजू ठेवले, तर हिसका दोघांना सारखाच बसतो. त्यांच्यातला फरक तेवढा खरा. या तत्त्वावरचे यंत्र ओढ किती हे न सांगता, ती हातभर अंतरात किती बदलते हे सांगते. जमिनीखालचे बारकावे त्यात उत्तम उमटतात.

कोयनेवरची मोजणी

ही युक्ती आपल्याच डोक्यावरून जाऊन आली आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त झाले आणि सुमारे दोनशे माणसे दगावली. कोयना आणि वारणा जलाशयांच्या परिसरात, म्हणजे पाटणपासून शिराळ्यापर्यंतच्या पट्ट्यात, धक्के पुढेही चालूच राहिले. त्यांचे मूळ शोधण्यासाठी खोल विंधनविवरांची योजना आखली गेली, आणि त्याआधी या मुलखावरून कमी उंचीवरून ५,०१२ किलोमीटर लांबीच्या रेघा ओढत गुरुत्वाकर्षणातील बदल आणि चुंबकत्व मोजण्यात आले. काळ्या पाषाणाचा थर कोठे किती जाड, खाली कोठे जड-हलके खडक आहेत, याचे चित्र त्यातून हाती आले. रासाटी येथील विवरात सुमारे ९३० मीटर बेसाल्टनंतर प्रत्यक्ष ग्रॅनाइट लागला.

त्याच मोहिमेत लेसर किरणांनी १,०६४ चौरस किलोमीटर भागाची उंचसखलताही टिपली गेली. पण अशा नकाशातील उंची मुळात उपग्रहाच्याच हिशेबाची असते. पाणी कोठे वाहील हे त्यावरून सांगायचे, तर पुन्हा जिऑइड लागतोच. भूकंपासाठी केलेली मोजणी पूररेषेला पुरेशी नाही. त्यासाठी महाबळेश्वरपासून अलमट्टीपर्यंतचे सारे खोरे सलग मोजावे लागेल.

हे अशक्य कोटीतले नाही. अमेरिकेने २००७ पासून आपला सारा देश विमानातून मोजायला घेतला, तो जिऑइड शक्य तेथे दोन सेंटिमीटरपर्यंत नेमका करण्यासाठी. नेपाळवर डिसेंबर २०१० मध्ये अशी उड्डाणे झाली, आणि २०२० साली एव्हरेस्टची ८,८४८.८६ मीटर ही उंची जाहीर झाली तेव्हा तो पाया कामी आला. एका शिखराच्या उंचीसाठी जग एवढे झटते. लाखो लोकांच्या उंबऱ्यांची उंची त्याहून कमी मोलाची कशी? नदी सीमा पाळत नाही. तेव्हा ही मोजणीही सीमेपाशी थांबू नये, आणि तिचे आकडे दोन्ही राज्यांतील अभियंत्यांना व नागरिकांना सारखेच खुले असावेत. वाद मग पाण्याचा होईल, शून्याचा नव्हे.