दहा लाखांच्या अलीकडचे शहर

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात. कोयता सोडून शहरात हमाली, गवंडीकाम धरणारे कुटुंब घर कोठे बांधते, हे शोधताना मी नियम चाळले.

नियम आहे. 4000 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 40 गुंठे किंवा अधिक जमिनीवर निवासी प्लॉट पाडणाऱ्याने 20 टक्के जागेत 30 ते 50 चौरस मीटरचे प्लॉट दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवायचे. पण तो मुळात दहा लाखांवरच्या महापालिकांपुरता होता. 2011 च्या जनगणनेत बीड शहर दीड लाखाच्या आतच.

2015 च्या प्रधानमंत्री आवास योजनेत विकासकाशी भागीदारीची वाट होती. दुर्बल घटकाच्या घरामागे केंद्राचे दीड लाख. अट मात्र साधारणपणे किमान 250 घरांच्या प्रकल्पाची. लहान शहरात एवढी घरे एकदम बांधणार कोण?

म्हणून नोकरदार मंजूर प्लॉटिंगमध्ये जातो, मजूर गुंठेवारीत. गुंठेवारीचा 2001 चा कायदा घर नियमित करतो. शेजार बदलत नाही.

माझ्या मते नगरपरिषदांनाही 20 टक्क्यांची तरतूद द्यावी, पण सक्तीऐवजी सवलतीने: लहान प्लॉट ठेवणाऱ्याला विकासशुल्कात सूट, लवकर मंजुरी. प्लॉटवाल्याचे भांडवल बांधकामात अडकत नाही. घेणारा हंगामाच्या कमाईतून खोलीला खोली जोडतो. वाटप सोडतीने व्हावे, काही वर्षे विक्रीबंदी असावी. नाहीतर ते प्लॉटही नोकरदारांकडेच जातील.