अल्कोहोल म्हणजे एकच वस्तू नव्हे

"डॉक्टर, दारूतही अल्कोहोल आणि पॉलिशच्या स्पिरिटमध्येही अल्कोहोल. मग एक पिऊन माणूस झिंगतो आणि दुसरे पिऊन आंधळा होतो, असे का?" हा प्रश्न मला दवाखान्यात अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर बारावीच्या रसायनशास्त्रात आहे आणि ते घराघरांत माहीत असायला हवे.

अल्कोहोल हे एका पदार्थाचे नाव नसून एका कुळाचे नाव आहे. कार्बनच्या साखळीला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, म्हणजे हायड्रॉक्सिल गट, चिकटला की अल्कोहोल तयार होते. एकच कार्बन असेल तर मिथिल अल्कोहोल, दोन असतील तर दारूतले इथिल अल्कोहोल. तीन कार्बनांपैकी मधल्याला ही जोडी असेल तर आयसोप्रोपिल. ते अनेक सॅनिटायझरांत असते. एकाच रेणूत अशा दोन जोड्या असल्या तर ग्लायकॉल, तीन असल्या तर ग्लिसरिन. मात्र हीच जोडी बेंझिनच्या सहा कार्बनी कड्याला थेट चिकटली तर होते फिनॉल. ते आम्लधर्मी असून कातडी जाळते. १८६५ साली जोसेफ लिस्टर यांनी ग्लासगो येथे जखमेतील जंतू मारण्यासाठी वापरलेले कार्बोलिक आम्ल ते हेच.

आता शरीरात काय घडते ते पाहू. यकृत इथिल अल्कोहोलचे शेवटी ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगारमधले आम्ल, बनवते. ते शरीर वापरून टाकते. तेच यकृत मिथिल अल्कोहोलचे आधी फॉर्माल्डिहाइड व नंतर फॉर्मिक आम्ल बनवते. हे आम्ल साठत जाते आणि डोळ्यांच्या मज्जातंतूवर घाला घालते. या क्रियेला वेळ लागतो. त्यामुळे पिणारा रात्री ठीक दिसतो आणि दुसऱ्या दिवशी "डोळ्यांपुढे धुके आले" म्हणतो. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली, ती याच मिथिलमुळे.

नाक आणि जीभ येथे उपयोगी पडत नाहीत. वास, चव किंवा पेटवल्यावर दिसणारी निळी ज्योत, यांवर विसंबू नये. प्रयोगशाळेत फेरिक क्लोराइड टाकले की फिनॉल जांभळा रंग देते. अल्कोहोल देत नाही. आयोडीन व अल्कली टाकल्यास इथिलचा पिवळा साका बसतो. मिथिलचा बसत नाही. पण दारूत मिथिलची भेसळ असेल तर इथिलमुळे साका बसणारच! म्हणून भेसळ ओळखायला गॅस क्रोमॅटोग्राफीसारखी यंत्रे लागतात. औषधांनाही हाच नियम. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरिनमध्ये त्याच्यासारखेच घट्ट, गोडसर डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेले निघाले आणि १४ रुग्ण दगावले.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे :

• हातभट्टीची किंवा सीलबंद नसलेली दारू, तसेच स्पिरिट व सॅनिटायझर कधीही पिऊ नये.

• पिण्यानंतर अंधुक दिसणे, पोटात कळा, उलट्या, धाप लागणे, यांपैकी काहीही झाल्यास "झोपला की उतरेल" म्हणून थांबू नये. थेट जिल्हा रुग्णालय गाठावे. वेळेत गेल्यास उतारा व डायलिसिस यांनी जीव आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात. सोबत प्यायलेल्यांनाही न्यावे, त्यांना त्रास नसला तरी.

• काळ्या फिनाइलमध्ये फिनॉलच्या जातीची द्रव्ये असतात. मुलाने ते प्यायल्यास उलटी करवू नये. बाटलीसह दवाखान्यात न्यावे. अंगावर सांडल्यास कपडे काढून भरपूर पाण्याने धुवावे.

• फिनाइल, स्पिरिट, थिनर सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नये.

दारू प्यायलेली घरी कळेल म्हणून पुष्कळ जण डॉक्टरांपासून ती लपवतात. तसे करू नका. काय प्यायले आणि किती वाजता, एवढे खरे सांगितलेत तर आमचे निम्मे काम होते.