बिनपडद्याच्या संगणकाला आधी काय सांगावे?



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले जाते ते आमचे सर यंत्र उघडून दाखविल्यावाचून त्याविषयी बोलत नसत. त्यांच्या नावाच्या व्यासपीठावरून संगणकयुगाची थोरवी गाणे मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून एकच लहानसे काम मी निवडले आहे. तळहातावर मावणाऱ्या संगणकावर हलकी कार्यप्रणाली बसवावयाची, आणि तीही त्याला पडदा, कळफलक, माऊस यांपैकी काहीही न जोडता. इंग्रजीत अशा यंत्राला 'हेडलेस', म्हणजे बिनडोक्याचे, म्हणतात. शब्द थोडा अन्यायकारक आहे. डोके शाबूत असते. नसतो तो चेहरा.

हे काम निवडण्यास कारण आहे. शाळेच्या ग्रंथालयात मराठी विकिपीडिया इंटरनेटवाचून वाचता यावा, अशी सूचना काही माजी विद्यार्थ्यांनी मांडली असून त्यासाठी असे एक यंत्र देण्याचा विचार चालू आहे. बडोद्यात राहून मराठी शिकणाऱ्या मुलांच्या हाताशी संदर्भाचा मराठी मजकूर किती थोडा असतो, हे या सभागृहात वेगळे सांगावयास नको. परंतु देणगीदाखल आलेली यंत्रे, देणारा परगावी परतताच, कपाटात जाऊन बसतात असा अनेक शाळांचा अनुभव आहे. ते टाळावयाचे तर यंत्र कसे उभे राहते हे देणाऱ्याइतकेच घेणाऱ्यालाही कळले पाहिजे.

यंत्राचे नाव रास्पबेरी पाय. इंग्लंडातील केंब्रिज येथील एका प्रतिष्ठानाने मुलांना संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकता यावे या हेतूने ते घडविले आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ते प्रथम विक्रीस आले. त्याचे 'झीरो टू डब्ल्यू' हे धाकटे भावंड २०२१ च्या ऑक्टोबरात निघाले. लांबी ६५ मिलिमीटर, रुंदी ३०, स्मृती ५१२ मेगाबाइट. आजच्या साध्या मोबाइलच्या तुलनेत ही स्मृती फारच तुटपुंजी, आणि हलक्या कार्यप्रणालीचा प्रश्न येथेच उद्भवतो. खिडक्या, चित्रे, सरकता बाण हा सारा थाट पाहणाऱ्यासाठी असतो. पाहणाराच नसेल तर तो स्मृती खात बसतो, एवढेच. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियन या लिनक्स परंपरेवर उभारलेली 'रास्पबेरी पाय ओएस' ही कार्यप्रणाली (२०२० पर्यंत तिचे नाव रास्पबियन होते) 'लाइट' या रूपात मिळते. तीत हा थाट मुळीच नाही, आणि ती स्थिर बसली असता दोनशे मेगाबाइटच्या आत भागविते. याहून काटकसरी अल्पाइन आहे, डाएटपायही आहे. तरी शाळेसाठी मी लाइटच सुचवीन. अडचण आली तर जिच्याविषयी सर्वाधिक लिहून ठेवलेले आहे ती प्रणाली बरी. वीस-पंचवीस मेगाबाइट वाचविण्यात मोठा पुरुषार्थ नाही.

आता हे यंत्र जागे कसे होते ते पाहू, कारण सगळी युक्ती तेथेच आहे. त्यात हार्ड डिस्क नसते. प्रणाली नखाएवढ्या एसडी कार्डावर राहते. वीज मिळताच चिपमध्ये कायमची कोरलेली एक छोटी आज्ञावली जागी होते. गंमत अशी की प्रथम जागा होतो तो मुख्य प्रक्रियक नव्हे, तर चित्रे काढणारा भाग. तो कार्डाचा पहिला कप्पा उघडतो, तेथील प्रारंभीच्या फायली वाचतो, लिनक्सचा गाभा स्मृतीत आणतो आणि मग मुख्य प्रक्रियकाला उठवितो. या पहिल्या कप्प्याची बांधणी जुन्या 'फॅट' पद्धतीची असते, आणि फॅट वाचता-लिहिता येत नाही असा संगणक सहसा सापडत नाही. लिनक्सचे खरे घर दुसऱ्या कप्प्यात; तो विंडोजला वाचता येत नाही. परंतु पहिल्या कप्प्यात कोणत्याही संगणकावरून चिठ्ठी टाकता येते, आणि जागे होताना यंत्र ती वाचते.

येथे आपल्याच गावातील एक गोष्ट आठवते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बडोद्यास आणले. त्यांनी उभारलेल्या व्यवस्थेत फिरत्या ग्रंथालयांच्या लाकडी पेट्या होत्या. पुस्तके भरून पेटी संस्थानातील खेड्याकडे रवाना होई. पेटीत जे घातले तेच खेड्यात वाचावयास मिळणार. एखादे राहिले तर ते तेथे बसून मागता येत नसे. बिनपडद्याच्या संगणकाचे कार्ड ही अशीच पेटी आहे. पडदा असता तर यंत्राने विचारले असते, 'आपले नाव? परवलीचा शब्द? कोणत्या वायफायला जोडू?' येथे विचारण्यास तोंड नाही. उत्तरे आधीच पेटीत हवीत.

ही उत्तरे भरण्यासाठी 'रास्पबेरी पाय इमेजर' नावाची मोफत आज्ञावली २०२० पासून उपलब्ध आहे. आपल्या नेहमीच्या संगणकात कार्ड घालावे, इमेजरमध्ये यंत्र व लाइट प्रणाली निवडावी आणि कार्ड लिहिण्यापूर्वी ती जी माहिती विचारते ती काळजीपूर्वक भरावी: यंत्राचे नाव, वापरणाऱ्याचे नाव, परवलीचा शब्द, वायफायचे नाव व त्याचा परवलीचा शब्द, देश, कालविभाग, आणि दुरून शिरकाव करू देणारी एसएसएच ही सोय चालू ठेवावी. कार्ड लिहिताना त्यावरील पूर्वीचे सर्व नष्ट होते, तेव्हा घरच्या लग्नाची छायाचित्रे असलेले कार्ड घेऊ नये.

यांतील दोन गोष्टींवर थोडे थांबतो. पहिली वायफायची. हे धाकटे यंत्र फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ऐकते. राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर बोलत असेल तर परवलीचा शब्द बिनचूक असूनही दोघांची भेट होणार नाही. देशाच्या जागी भारत भरणेही औपचारिक नव्हे. कोणत्या लहरी वापरण्यास मुभा आहे हे देशागणिक ठरते, आणि देश ठाऊक नसेल तर प्रणाली वायफाय बंदच ठेवू शकते.

दुसरी गोष्ट परवलीच्या शब्दाची. पूर्वी प्रत्येक कार्डावर वापरणाऱ्याचे नाव 'पाय' आणि परवलीचा शब्द 'रास्पबेरी' असे ठरलेले असे, आणि एसएसएच आपोआप चालू असे. नवशिक्याला ते सोयीचे होते, चोरालाही. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने कॅमेरे, राउटर अशी असंख्य उपकरणे केवळ कारखान्यातून आलेले परवलीचे शब्द लावून ताब्यात घेतली. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला त्यांच्याकरवी झालेल्या हल्ल्यात अमेरिकेतील डिन या कंपनीची सेवा कोलमडली आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. त्याच नोव्हेंबरपासून रास्पबियनमध्ये एसएसएच मुळात बंद ठेवण्यात येऊ लागली. हवी असेल त्याने पहिल्या कप्प्यात 'एसएसएच' नावाची रिकामी फाइल टाकावी, अशी तोड निघाली. २०२२ च्या एप्रिलात ठरावीक 'पाय' हा वापरकर्ताही काढून टाकला गेला. २०२३ च्या ऑक्टोबरातील 'बुकवर्म' आवृत्तीपासून वायफायची माहिती चिठ्ठीने देण्याची जुनी रीतही चालेनाशी झाली. जुन्या पुस्तकातील कृती आज तंतोतंत पाळूनही यंत्र मुके राहते ते यामुळे. म्हणून कृती कोणत्या वर्षाची आहे हे आधी पाहावे.

कार्ड यंत्रात घालून ५ व्होल्टचा चांगला पुरवठा जोडला की हिरवा दिवा लुकलुकू लागतो. आपल्याला मिळणारा चेहरा एवढाच. पण तोही बोलतो. पुनःपुन्हा चार लुकलुकी म्हणजे प्रारंभीची फाइल सापडली नाही. सात म्हणजे लिनक्सचा गाभा सापडला नाही. दोन्ही वेळा कार्ड पुन्हा लिहावे. अनियमित लुकलुक हे काम चालू असल्याचे लक्षण. पहिल्या खेपेस यंत्र कार्डाची उरलेली जागा आपल्या ताब्यात घेते व स्वतःच पुन्हा सुरू होते. यास काही मिनिटे लागतात, आणि या मिनिटांत अधीर होऊन वीज काढणे हा कार्ड बिघडविण्याचा खात्रीचा मार्ग होय.

त्यानंतर आपल्या संगणकावरून एसएसएचने हाक मारावयाची: वापरणाऱ्याचे नाव, मग यंत्राचे नाव, आणि त्यापुढे टिंब देऊन 'लोकल'. ओ मिळाली नाही तर राउटरच्या यादीत यंत्राचा पत्ता शोधून त्या पत्त्यावर हाक मारावी. एसएसएच ही रीत १९९५ साली फिनलंडच्या तातू युलोनेन यांनी निर्माण केली, तीही त्यांच्या विद्यापीठाच्या जाळ्यात परवलीचे शब्द चोरले गेल्यानंतर. तिच्यात सारे संभाषण कूटरूपाने जाते. पहिल्या भेटीत यंत्राचा 'अंगठा' दाखवून तो मान्य आहे का असे विचारले जाते. पुढे कधी कार्ड पुन्हा लिहिले तर नाव तेच पण अंगठा नवा, म्हणून मोठी धोक्याची सूचना झळकते. कार्ड आपणच बदललेले असेल तर आपल्या संगणकातील जुनी नोंद पुसावी. नसेल बदलले, तर मात्र पुढे जाऊ नये.

आत शिरल्यावर पहिले काम प्रणाली अद्ययावत करण्याचे. दुसरे, परवलीच्या शब्दाऐवजी किल्लीची जोडी वापरण्याचे. खासगी किल्ली आपल्या संगणकात राहते, सार्वजनिक किल्ली यंत्रात ठेवतात. अशा दोन जोड्या कराव्यात, एक ग्रंथपालांकडे आणि एक विज्ञानशिक्षकांकडे. देणाऱ्या माजी विद्यार्थ्याकडेच एकुलती किल्ली राहिली तर त्या देणगीला देणगी म्हणता येणार नाही. मग किविक्स ही आज्ञावली बसवून मराठी विकिपीडियाची तयार फाइल कार्डावर ठेवली की ग्रंथालयाच्या वायफायवरील कोणत्याही मोबाइलवर ती वाचता येते. बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी बिघडत नाही. ३२ जीबीच्या कार्डावर हे सारे सहज मावते.

राहता राहिली वीज. यंत्र कार्डावर लिहीत असताना ती गेली तर कार्डाची रचना विस्कटू शकते. बंद करावयाचे झाल्यास आत शिरून रीतसर बंद करण्याची आज्ञा द्यावी आणि दिवा स्थिरावल्यावरच बटण दाबावे. पण वीज आपल्याला विचारून जात नाही. त्यासाठी सारी जुळणी झाल्यावर प्रणालीतील 'ओव्हरले' ही सोय चालू करावी. तिच्यामुळे कार्ड केवळ वाचले जाते, नवे लिखाण स्मृतीतच होते आणि वीज जाताच पुसले जाते. ग्रंथालयात वाचनच व्हावयाचे असल्याने याने काही अडत नाही. अद्ययावत करण्यापुरती मात्र ती बंद करावी लागते. या यंत्रात वीज नसताना चालणारे घड्याळही नाही. वेळ ते इंटरनेटवरून घेते, तेव्हा जोडणी नसताना तारीख मागे राहिलेली दिसली तर यंत्र बिघडले असे समजू नये.

सर्व नीट चालू लागल्यावर त्या कार्डाची हुबेहूब प्रत दुसऱ्या कार्डावर करून, पाकिटावर तारीख घालून, ती ग्रंथपालांच्या खणात ठेवावी. एखाद्या सकाळी यंत्र उठले नाही, तर वीज काढून कार्ड बदलावे आणि पुन्हा वीज द्यावी. एवढे काम आठवीतला मुलगा किंवा मुलगीही करील.