नर्सरीला कसली मंजुरी?

माझी नात तीन वर्षांची झाली. जूनमध्ये नर्सरीत घालायचे म्हणून सून आणि मी पांढुर्ण्यात दोन-तीन ठिकाणी चौकशी करून आलो. पहिली शाळा एका घराच्या वरच्या मजल्यावर. फाटकावर इंग्रजी नाव, भिंतीवर मिकी माऊस. चढायला-उतरायला एकच अरुंद जिना आणि त्याच्याखाली गॅसचे सिलिंडर. मॅडम बोलायला गोड होत्या. मी मान्यतेचा कागद मागितला तर हसल्या. "आजी, नर्सरीला कसली मंजुरी?"

हा समज सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत घरोघरी आहे, पण तो चुकीचा आहे. राष्ट्रीय बाल अधिकार संरक्षण आयोगाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या खाजगी शाळांसाठी मार्गदर्शक नियम केलेले आहेत. शाळा उघडण्याआधी मान्यता घ्यायची. वीस मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस. शाळा दिवसाला तीन-चार तासच. तीन वर्षांखालचे मूल घ्यायचे नाही. कुंपण, खेळती हवा, मुलामुलींचे वेगळे संडास, स्वच्छ पाणी, कॅमेरे हवेत. मुलांवर हात उगारायचा नाही.

कागदी कटकट वाटते खरी. पण १६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले गेली. तो जिना आणि ते सिलिंडर पाहून मला तेच आठवले. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले. तेव्हापासून मी विचारते की मुलांना संडासला कोण नेते, बाई की पुरुष? कॅमेरा नुसता लावलाय की चालूही आहे?

आणि औषध. याबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचे आहे. २०२३ पर्यंत पांढुर्णा, सौंसर आणि परासिया एकाच छिंदवाडा जिल्ह्यात होते. त्याच परासिया भागात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोकल्याच्या औषधाने लहान लेकरांची मूत्रपिंडे निकामी झाली, वीसहून अधिक मुले दगावली. त्या औषधात डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितले की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. म्हणजे नर्सरीतली जवळपास सगळीच मुले यात आली.

आपल्या शाळांत काय होते? लेकराचे नाक गळायला लागले की कपाटातून बाटली निघते. मायेनेच निघते, म्हणून तर कोणी हटकत नाही. आईनेही सकाळी डब्यासोबत बाटली देऊन "मॅडम, एक चमचा पाजून द्या" म्हटलेले असते. चमचा कुठला, कितीचा, कोण विचारतो! माझे सांगणे एवढेच की डॉक्टरांची चिठ्ठी आणि पालकांचे लिहून दिलेले नसेल तर शाळेत औषध पाजायचे नाही. ताप आला तर घरी फोन करायचा. आणि आपण तो उचलायचा, मग संत्र्याचा तोडा सुरू असो की दुकानात गिऱ्हाईक असो.

जाता जाता एक. अंगणवाडीला आपण फार नाक मुरडतो. पण तिथे मुलांचे वजन घेतात, लसीची नोंद ठेवतात. महागड्या प्ले स्कूलमध्ये वजनकाटा मला एकाही ठिकाणी दिसला नाही.

दुसरी शाळा तळमजल्यावर होती, अंगणाला फाटक होते. मान्यतेचा कागद त्यांनी आणून दाखवला. मी पुढे विचारतच राहिले तेव्हा सून हळूच म्हणाली, "आई, इतके विचारल्यावर प्रवेश देतील का?" दिला. कपाटात खोकल्याची अर्धी बाटली होती, ती मॅडमनी आमच्यासमोरच काढून टाकली.